नालबंदाचा पहिला सिनेमा

आमच्या तंबूत पडद्यावर देव आला की नारळ फुटायचा. तसा काही नियम नव्हता, पण पौराणिक चित्र लागलं की खुटबाव, यवत, कासुर्डीकडच्या बायका आरतीचं ताट घेऊनच यायच्या, चपला काढून पडद्यापुढं बसायच्या आणि देव प्रकटला की उठून ओवाळायच्या. देव कधी प्रकटणार हे त्यांना कळावं म्हणून मशीनवरचा पाशा आधी घंटी वाजवायचा. तेवढ्यात काडी ओढून निरांजन लावता येई. एका बाईनं एकदा घंटी ऐकू न आल्यामुळं राक्षसालाच ओवाळलं, तेव्हापासून पाशा घंटी दोनदा वाजवू लागला.

मुसलमानाच्या पोरानं विष्णूसाठी घंटी वाजवावी यात आम्हा कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एकट्या सिद्दीकचाचांना. आणि नेमकी त्यांचीच मुलगी, अकिला, पाशाला हवी होती.

मी जालिंदर. टांग्यात भोंगा घेऊन गावोगाव ओरडणं हे माझं काम. तंबूचे मालक सुभानशेठ दौंडचे. त्यांनी मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं: "धार्मिक चित्र! सहकुटुंब या! दर्शनाचा लाभ घ्या!" मारामारीचं चित्र असलं की ‘धार्मिक’च्या जागी ‘फायटिंग’ म्हणायचं आणि दर्शन गाळायचं. यापलीकडं डोकं चालवायचा मला पगार नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर लोक अजून माझ्या डोक्यावर फोडतात.

सिद्दीकचाचाही दौंडचेच. धंदा नालबंदाचा. आठवड्याच्या एका ठरल्या दिवशी ते खुटबावात यायचे आणि बापूसाहेबांच्या विहिरीजवळ चिंचेखाली बैल पाडून नाल ठोकायचे. माणूस पाच वेळा नमाज पढणारा, खोटं न बोलणारा, आणि त्याचा थोडा तोराही बाळगणारा. उभ्या आयुष्यात त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता. पाशासाठी शब्द टाकायला मी एकदा गेलो तेव्हा त्यांनी मला हातोडी दाखवूनच बोलायला सुरुवात केली.

"नट दाढी चिकटिवतो आन् देव व्हतो. पडदा पडला की त्योच बिडी वढतो. तुमाला चालत आसंल, मला काय म्हनायचं न्हाई. आमच्यात बुजुर्गांची, पैगंबरांची तसबीरसुदिक काढत न्हाईत, सोंग तर लांब ऱ्हायलं. आज ह्ये शिनेमावाले तुमच्या देवाला नाचिवत्यात, उद्या आमच्या बुजुर्गांना नाचिवतील. आन् मशीन कोन फिरिवनार? माझा जावई? न्हाई, जालिंदर. जा तू."

अकिलानं बापाशी भांडण केलं नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "अब्बा, तुमी न्हाई म्हना, मीबी पाशाला न्हाई म्हनते. पन मग दुसऱ्या कुनालाबी हां म्हननार न्हाई." त्यानंतर चाचांच्या हातोडीचा आवाज महिनाभर जरा जास्तच मोठा येत होता.

पाशा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. चैत्रात खुटबावची यात्रा भरली आणि आमचा तंबू बापूसाहेबांच्या रिकाम्या वावरात लागला, तेव्हा त्यानं मालकांच्या मागं लागून मुंबईहून एक चित्र मागवलं. अरबस्तानातली जुनी कथा. इस्लामची सुरुवात कशी झाली, त्याची. पेट्या आल्या त्या दिवशी पाशा मला ओढत चिंचेखाली घेऊन गेला.

तिथं बापूसाहेबांचा खिल्लारी बैल चारी पाय बांधून आडवा पडला होता. बापूसाहेब स्वतः त्याची शिंगं धरून बसले होते. बापूसाहेब म्हणजे गावचे बडे बागायतदार. पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेले होते. कुठलाही वाद ते बसऱ्यावर आणून संपवायचे.

"चाचा," पाशा म्हणाला, "येक चित्र आलंय. इस्लामची सुरुवात दावलीया त्यात. तुमी येकदा बघा, मंग मला न्हाई म्हना."

चाचांनी तोंडातला खिळा काढला. "सुरुवात? कुठली सुरुवात?"

"कुठली म्हंजी?" बापूसाहेब मध्येच म्हणाले. "सुरुवात येकच. अरबस्तानात, तेराशे वरसांमागं. म्या बसऱ्याला व्हतो, मला इचारा. त्या अरबांच्या हातची कॉफी प्यालोय."

"कॉफी पिऊन काय कळतंय? सुरुवात आदम अलैसलामपास्नं. पैला मानूस, त्योच पैला पैगंबर."

"मग मधल्या काळात काय झालं?"

"मानसं इसरत गेली. याद करून द्याया येकामागं येक पैगंबर आले. त्यातले शेवटचे अरबस्तानात आले. बापूसाब, तुमी शेवटाला सुरुवात म्हंताय."

बापूसाहेबांनी यावर बराच विचार केला. बैलानं तेवढ्यात सुटायचा प्रयत्न केला, त्याला दाबून त्यांनी विचारलं, "म्हंजी आदमबाबा माझाबी आजा?"

"व्हय की."

"मग म्या कोन झालो?"

"इसरलेला."

बापूसाहेब शिंगं सोडून उभेच राहिले. "बसऱ्यास्नं परत आलेल्या मानसाला तू इसरलेला म्हंतोस? आरं, मला तिथल्या खजुराच्या झाडांची नावं पाठ हाईत!" पाशानं झेप घालून बैलाला धरलं, नाहीतर चाचांच्या बरगड्यांचं काही खरं नव्हतं. भांडण मात्र थांबलं नाही. एकजण तेराशे वर्षांवरून हटेना, दुसरा आदमवरून. मधे बैल एका पायात नाल आणि तीन पायांत नुसती आशा घेऊन पडला होता.

शेवटी बापूसाहेबांच्या पत्नी तुळजाबाई भाकरी घेऊन आल्या. या बाईचा सगळ्या गावाला धाक, बसऱ्याच्या शिपायाला सर्वांत जास्त. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"काय खुळ्यावानी भांडताय? आपल्या बांधावरचा पीर माज्या सासऱ्याच्या आज्यापास्नं तिथं हाय. म्हंजी इथंच सुरू झाला आसनार. जवळपास सुरू झाल्याबिगार बांधावर यील कसा?"

भाकरी खाताना चाचांनी पाशाला हळूच विचारलं, "त्या चित्रात बुजुर्ग दिसत्यात?"

"न्हाई चाचा. ज्यांची गोष्ट हाय त्ये दिसतच न्हाईत. सावलीबी न्हाई, आवाजबी न्हाई."

"मग लोक बघत्यात काय?"

मी म्हणालो, "उंट."

चाचांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग त्यांनी अट घातली. "येतो मी. पन मशीनच्या पुढ्यात बसनार. येका जरी बुजुर्गाचा पाक चेहरा दिसला तर मी उजेडात हात घालनार. आन् माझा हात वर गेला म्हंजी तुझं-माझं बोलनं संपलं. पुन्यांदा अकिलाचं नाव काढायचं न्हाई." पाशानं कबूल केलं. त्यानं ते चित्र आधी दोनदा चालवून पाहिलं होतं, त्यामुळं त्याला काळजी नव्हती.

मी नेहमीप्रमाणं टांग्यातून ओरडलो. धार्मिक चित्र! सहकुटुंब या! दर्शनाचा लाभ घ्या!

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. एका बाजूला पुरुष, दोरीपलीकडं बायका. वावर त्यांचं म्हणून बापूसाहेबांना पुढं खुर्ची. तुळजाबाई बायकांत पहिल्या रांगेत, मांडीवर ताट, ताटात नारळ, ऊद, निरांजन सगळं. शेजारी अकिला. तिला तुळजाबाईंनीच हाताला धरून आणलं होतं, आणि चित्रात बुजुर्गांचा चेहरा नाही या बोलीवर चाचांनी येऊ दिलं होतं. चाचा मशीनच्या चार हात पुढं एका उपड्या पिंपावर बसले. मशीनचा झोत त्यांच्या कानाजवळून जात होता. उजवा हात गुडघ्यावर तयार. मी पाशाच्या बाजूला, मशीनच्या बुटक्या फळीवर उभा होतो.

चित्र सुरू झालं. वाळू, खजुराची झाडं, तंबू. "ह्यी बसऱ्याची वाळू न्हवं!" बापूसाहेबांनी खुर्चीतूनच जाहीर केलं. चाचा मात्र सुरुवातीला पडद्याच्या मागं काय आहे हे बघायला मान वाकडी करत होते. मग हळूहळू मान सरळ झाली. पडद्यावर एका गुलामाला उन्हात तापलेल्या वाळूवर झोपवलं आणि तो पाणी मागू लागला, तेव्हा चाचा खणखणीत आवाजात म्हणाले, "आरं, पानी द्या की त्याला!" तंबू हसला. चाचांना ते ऐकूही गेलं नाही. पाशानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. मला वाटलं, झालं, पोरीचे हात पिवळे झालेच म्हणून समजा.

बायकांत मात्र चुळबुळ सुरू झाली होती. इंटरव्हल आला तरी घंटी नाही. तुळजाबाईंनी मला दोरीजवळ बोलावलं.

"जालिंदर, देव कवा येनार?"

"ह्या चित्रात येत न्हाईत काकू."

"येत न्हाईत? मग भोंग्यावर दर्शन दर्शन काय वरडत व्हतास?"

"मालकांनी सांगितलं तसं वरडलो."

"देव न्हाई आसं कधी ऱ्हातंय व्हय? पाशाच इसरला आसंल घंटी वाजवाया. आमचं आमी बघतो." आणि त्या ताटाशी जाऊन बसल्या.

पुढच्या रिळात तो प्रसंग आला. वाळवंटातून एक उंट येतो. ज्यांची वाट पाहत सारं गाव ताटकळलेलं असतं, ते पैगंबर येत आहेत. ते दिसत नाहीत, दिसतो तो नुसता उंट. लोक घराच्या छपरांवर चढलेत, पोरी डफ वाजवून गातात, म्हातारे रडतात. पाशा कितीदा तरी म्हणाला होता की अख्ख्या चित्रात हा भाग त्याला सर्वांत जास्त आवडतो. चाचांचेही डोळे भरून आले होते. मी स्वतः पाहिलं.

पण तुळजाबाईंनी आयुष्यभरात पुष्कळ पौराणिक चित्रं पाहिली होती. इतकी गर्दी, इतकी वाजंत्री, छपरावर माणसं, म्हणजे देव आलाच. आणि पडद्यावर उंटाशिवाय कोणी नाही.

"आगं बया, ह्योच हाय! उंटाचं रूप घिऊन आलाय!"

काडी ओढली गेली. निरांजन पेटलं. तुळजाबाई उभ्या राहिल्या आणि उंटाला ओवाळू लागल्या. त्या उठल्या म्हटल्यावर सगळ्या उठल्या. अकिला खालून त्यांचा पदर ओढत होती, "काकू, न्हाई, काकू, बसा," पण तिचं कोण ऐकणार.

चाचांनी ते पाहिलं. पडद्यावर चुकीचं काही नव्हतं, बुजुर्गांचा चेहरा नव्हता, सावली नव्हती. पण ज्या गोष्टीला ते जन्मभर भीत आले ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि तीही या प्रसंगाच्या वेळी. "या अल्ला, उंटाला?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांचा हात वर गेला, थेट झोतात.

हात वर गेला होता. पाशाचं आणि त्यांचं बोलणं संपलं होतं.

आता झोतात हात घातला की काय होतं हे सिनेमा न पाहिलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? चाचांना वाटलं पडदा झाकला जाईल. उंट गेला, हे खरं. पण त्याच्या जागी पडदाभर उभा राहिला एक काळा हात. पाच बोटं, तंबूच्या खांबाएवढी, आणि बाजूनं उजेडाची झळाळी. नालबंदाचा तळहात तो, मुळातच रुंद.

आमच्या भागात मोहरमला पंजे निघतात. ते मिरवणाऱ्यांत निम्मे मराठेच असतात, आणि बांधावरच्या पिराचा पंजा तर बापूसाहेबांच्या घरी मानाचा. तेव्हा पडद्यावर पाच बोटं दिसल्यावर तंबूतल्या एकाही माणसाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"पंजा! पीर आला गं, पीर आला!"

फाडकन नारळ फुटला. उदाचा धूर वर गेला. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. बापूसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, बसऱ्याला साहेबाला ठोकत तसा.

चाचा अडकले. हात खाली घेतला की बायका उंटाला ओवाळणार. वर ठेवला की पंजाला. त्यांनी घाबरून बोटं मिटली. पडद्यावर प्रचंड मूठ झाली.

"मूठ वळली! कौल दिला!" तुळजाबाई ओरडल्या, आणि मागच्या बायकांनी आपापले नवस बोलायला सुरुवात केली. एकीनं मुलगा मागितला, एकीनं विहिरीला पाणी. चाचांनी चटकन मूठ उघडली, तर त्यालाही होकार समजून आणखी दोन नारळ फुटले. माझ्या पोटात हसू मावेना. मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

मग मी चाचांकडं पाहिलं आणि माझं हसू गेलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. हात वरच होता. बैलाची लाथ खाऊन न हललेला माणूस, त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सोंग नको, मूर्ती नको म्हणत ज्यानं साठी गाठली, त्याच्याच हाताची पूजा चालली होती, आणि त्याला कोणी सोडवत नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

पाशानंही ते पाहिलं. इथं पाशाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. चालतं रीळ त्यानं कधी मधेच थांबवलं नव्हतं. एका गावी तंबूला आग लागली तरी त्यानं रीळ संपवूनच पेटी उचलली होती, असं सुभानशेठ सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. खेळ मधेच तुटला तर लोक तंबू फाडतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय आता त्याचा फायदाही काही नव्हता. हात वर गेला होता, अकिला गेली होती. चाचांना तसंच अडकवून ठेवलं असतं तरी त्याला कोणी बोल लावला नसता.

पाशानं बटण खाली ओढलं. मशीन थांबलं आणि पुढची निरांजनं सोडली तर तंबूत काळोख झाला.

मग जी बोंब उठली! शिट्ट्या, आरडाओरडा, कुणीतरी बाकडं आपटलं. त्या अंधारात मला जाणवलं, पिंपावरचा माणूस हात खाली घेऊन धापा टाकतोय. तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीकडून सुभानशेठ बॅटरी घेऊन धावत आले.

"कुनी बंद केलं?"

"मी," पाशा म्हणाला.

"दिव्याचा कार्बन संपला? रीळ तुटलं?"

"न्हाई. मीच बंद केलं."

"कशापायी?"

कारण सांगायचं म्हणजे चाचांचा हात सांगायला हवा होता, आणि मग सगळ्या यात्रेला कळलं असतं की पिराचा पंजा कुणाचा होता. ते पाशानं सांगितलं नाही. मी सांगणार होतो, तर त्यानं अंधारात माझा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

"उतर खाली," सुभानशेठ म्हणाले. "पेट्या गोळा कर. उद्यापास्नं माझ्या तंबूत पाय ठिवू नगंस."

पाशा खाली उतरला. लोक आता ऐकू लागले होते, शिट्ट्या कमी झाल्या. तेव्हा पिंपावरून सिद्दीकचाचा उठले.

"त्याला बोलू नगा, शेठ. मी सांगितलं बंद कराया."

हे साफ खोटं होतं. चाचांनी ओठसुद्धा हलवले नव्हते. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि त्यांना ते नीट बोलताही आलं नाही.

सुभानशेठनी बॅटरीचा उजेड त्यांच्या तोंडावर टाकला. "सिद्दीकभाई, तुमचा मान हाय मला. पन मशीन माझं, खेळ माझा, मानूस माझा. माझ्या मानसाला हुकूम देनारे तुमी कोन?"

चाचांनी उजेडापुढं हात आडवा धरला नाही. डोळे किलकिले करत ते तसेच उभे राहिले. दोरीपलीकडं कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सगळा तंबू उत्तराची वाट बघत होता. त्यात अकिला होती, आणि रिळाच्या पेट्या हातात घेऊन उभा असलेला पाशाही होता.

"त्याचा सासरा," चाचा म्हणाले.

त्यानंतर मशीन पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला. पाशाकडून कार्बनची कांडी दोनदा खाली पडली. पण तंबूतल्या एकाही माणसानं शिट्टी मारली नाही.